पेटी शाळेत कशी आली

सकाळच्या प्रार्थनेला आपल्या शाळेच्या व्हरांड्यात जी पेटी वाजायची ती जन्माने फ्रेंच, असे सांगितले तर आपल्यापैकी निम्मे जण हसतील. पण ते खरे आहे. १८४० च्या सुमारास पॅरिसमधल्या अलेक्झांद्र देबँ या कारागिराने हार्मोनियम बनवली. खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचे ते वाद्य होते. मिशनरी आणि गोरे अधिकारी ते हिंदुस्थानात घेऊन आले. आपण जमिनीवर मांडी घालून गाणारी माणसे, त्यामुळे पायाचा भाता आपल्या उपयोगाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला नेऊन हाताने मारण्याजोगा केला आणि हार्मोनियमची 'पेटी' झाली.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला 'संगणकाबद्दल काही लिही' असे सुचवले होते. मित्रमैत्रिणींनो, संगणकाबद्दल मी आठवड्याचे पाच दिवस बोलते, त्याचे मला पैसे मिळतात. इथे मला दुसऱ्या एका प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. सोलापूरसारख्या गिरणगावात, गाण्याबजावण्याची कसलीही परंपरा नसलेल्या घरातली मुले-मुली संध्याकाळी क्लासला जाऊन वाद्य शिकू लागली, हे घडले कसे? आपल्याला ते इतके साधे वाटायचे की त्यालाही काही इतिहास असेल असे कधी मनात आले नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे जवळजवळ अशक्य होते. ते शक्य केले दोन गोष्टींनी, आणि जाणकारांनी त्या दोन्हींना नावे ठेवली आहेत. एक म्हणजे परीक्षा घेणारा संगीताचा वर्ग आणि दुसरी म्हणजे पेटी.

गुरूच्या घरची विद्या

त्याआधी वाद्य किंवा गाणे शिकायचे दोनच मार्ग होते. एक, त्या घरात जन्म घ्यायचा. दोन, गुरूच्या घरी जाऊन राहायचे.

पहिल्या मार्गाचे उदाहरण आपल्या गावातच आहे. सनईच्या कुळातले, पण सनईपेक्षा लहान असे 'सुंदरी' नावाचे वाद्य सोलापूरच्या जाधव घराण्याने जपले. पं. सिद्राम जाधव आणि पुढे पं. भीमण्णा जाधव यांच्यामुळे हे वाद्य सोलापूरबाहेरच्या रसिकांपर्यंत गेले. ही विद्या बापाकडून मुलाकडे, आजोबांकडून नातवाकडे गेली. पोर चालायला लागायच्या आधीच त्याच्या कानावर सूर पडत असतात. शिकवणे आणि वाढवणे वेगळे राहत नाही. असे शिकलेल्याची बरोबरी क्लासला करता येत नाही, हे आधीच कबूल करते. पण या मार्गाची अडचणही उघड आहे. घराबाहेरच्या पोराला वाटले की आपल्यालाही हे वाजवावे, तर त्याने कुठले दार वाजवायचे?

दुसऱ्या मार्गाची कथा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची. १८४९ चा त्यांचा जन्म. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. ती मिळवण्यासाठी त्यांनी घर सोडले, मैलोगणती पायपीट केली, गुरूच्या घरी पडेल ते काम करत वर्षे काढली. त्या काळी शिष्याने गुरूघरी पाणी भरायचे, पाय चेपायचे, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते टिपायचे. अभ्यासक्रम नव्हता, वेळापत्रक नव्हते. किती वर्षांत काय येईल याची हमी नव्हती. गुरूने एखादी चीज मुद्दाम हातची राखली तर शिष्याला पत्ताही लागत नसे.

या व्यवस्थेने थोर कलावंत घडवले, यात शंका नाही. पण तिच्यात कोणाला जागा नव्हती तेही पाहायला हवे. दिवसा कामावर जाणाऱ्याला नव्हती. पोटाची सोय नसलेल्याला फार थोडी होती. आणि 'घरंदाज' म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीला तर मुळीच नव्हती. तिने गाणे-बजावणे शिकायचे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत होती. ज्या बायका शिकत, गात, त्यांच्या कलेला दाद देणारा समाज त्यांना सन्मानाने घरात घेत नसे.

लाहोरचा वर्ग

बाळकृष्णबुवांच्याच एका शिष्याने हे चित्र बदलायला घेतले. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, म्हणून त्यांना मिरजेला बुवांकडे गाणे शिकायला ठेवले. गाणे त्यांना आले, पण त्याबरोबर गवयाची समाजातली पायरी कोणती असते हेही कळले. १८९६ मध्ये ते मिरजेहून बाहेर पडले, उत्तरेत फिरले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

या वर्गात नवे काय होते? संगीत तेच होते. पण आता ठरलेली वेळ होती, ठरलेली फी होती, पाठ्यक्रम होता, छापील पुस्तके होती. पलुसकरांनी स्वर कागदावर लिहिण्यासाठी खुणांची एक पद्धत तयार केली. नंतर कोणीही हे काम करू शकले असते असे वाटेल, पण तोवर चीज बहुतांशी गळ्यात आणि कानातच राहत होती. कागदावर उतरल्याबरोबर ती गुरूच्या मर्जीतून सुटली. १९०८ मध्ये विद्यालयाची मुंबईत शाखा निघाली. तिथल्या इमारतीसाठी झालेले कर्ज फिटले नाही आणि ती वास्तू हातची गेली. १९३१ मध्ये पलुसकर मिरजेलाच वारले. संस्था म्हणून पाहिले तर शेवट दुःखाचा होता. पण माणसे तयार झाली होती. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे आपल्याला गवई म्हणून माहीत आहेत. यांतल्या अनेकांनी आपापल्या गावी वर्ग काढले. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत, विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात.

त्याच सुमारास मुंबईत वकिली करणारे विष्णु नारायण भातखंडे वेगळ्या वाटेने याच कामाला लागले होते. देशभर हिंडून त्यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत बांधल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' छापली. माझ्या पेशाच्या भाषेत सांगायचे तर पलुसकरांनी केंद्रे उघडली आणि भातखंड्यांनी माहितीची रचना लावली. दोघांचे एकमेकांशी फारसे जमत नव्हते, स्वरलिप्याही वेगवेगळ्या होत्या. आपल्याला मात्र दोघांचाही लाभ झाला.

पलुसकर गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्यापैकी जे जे क्लासला गेले त्यांच्या कपाटात या मंडळाचे एखादे प्रमाणपत्र नक्की असेल. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि पुढे अलंकार. या पायऱ्यांमुळे काय झाले? लाहोरला सुरू झालेली गोष्ट सोलापूरच्या एका खोलीपर्यंत आली. शिकवणारा मोठा कलावंत असलाच पाहिजे अशी अट उरली नाही. त्याने प्रामाणिकपणे शिकवावे, एवढे पुरेसे झाले. परीक्षक बाहेरगावहून येणार, पाठ्यक्रम सगळीकडे तोच, आणि कागदावर शिक्का. मुलीला क्लासला पाठवायला का-कू करणाऱ्या बापाला तो शिक्का समजत होता. 'गाणे शिकते' म्हणण्यापेक्षा 'परीक्षा देते' म्हटले की घरातला विरोध निम्मा व्हायचा.

पेटीच का?

वर्ग आले, पण वर्गात वाद्य कोणते? हा प्रश्न सोपा नव्हता. तंबोरा दर वेळी लावावा लागतो आणि तो लावायलाच कान तयार असावा लागतो. सारंगीवर पट्टी नाही, पडदा नाही; सूर शोधण्यातच पहिली काही वर्षे जातात. सतार नाजूक आणि महाग. इथे एक गंमत सांगते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे येतात ते आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून. म्हणजे भोपळा आपला, आणि तंबोरा मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त गणेशोत्सवातल्या मैफलीत लांबून पाहिलेला.

पेटीचे तसे नाही. पट्टी दाबली की सूर वाजतो, आणि तो वर्षभर तसाच वाजतो. आत पितळेच्या बारीक पात्या असतात, आपण त्यांना 'सूर' म्हणतो. गुजरातेतले पालिताणा गाव या सुरांसाठी नावाजलेले आहे. भात्याची हवा पातीवरून गेली की ती थरथरते. पाती लांब असली की खर्ज, लहान असली की वरचा सूर. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, समोरच्या खटक्यांनी हवेची वाट उघडायची नाहीतर बंद करायची. पहिल्याच दिवशी सहा वर्षांचे पोर 'सा' वाजवू शकते, तोही बरोबर. सारंगीवर हे घडणे नाही. शिवाय तिचा आवाज वर्गातल्या तीस पोरांना पुरतो आणि ती एका हाताने उचलून दुसऱ्या वर्गात नेता येते.

लोकांच्या कानांना तिची सवय लावली ती मराठी रंगभूमीने. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले तेव्हा संगीत नाटकाचे युग सुरू झाले. सुरुवातीला साथीला सारंगी असे; पुढे तिच्या जोडीला पेटी आणि पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आला. गोविंदराव टेंबे हे त्या काळचे नाव. स्वतंत्र पेटीवादनाने त्यांनी मैफली रंगवल्या, १९११ च्या 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या, १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. नाटक कंपन्या गावोगाव मुक्काम करत, आणि त्यांच्या मागोमाग पदे आणि पेटी घराघरांत शिरली. कीर्तनकाराने ती घेतली, भजनी मंडळाने घेतली, मेळ्यांनी घेतली.

एकतीस वर्षांची बंदी

आणि नेमक्या याच वेळी तिच्यावर गदा आली. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला मनाई झाली. ती १९७१ मध्ये उठली, तीही काही अटी घालून, संगतीपुरती. मधली एकतीस वर्षे देशातल्या सगळ्यांत मोठ्या व्यासपीठावर हे वाद्य निषिद्ध होते. गंमत म्हणजे तिच्याविरुद्ध रेडिओच्या नियतकालिकात १९३८ मध्ये लेख लिहिणारा माणूस इंग्रज होता: दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, मराठी माणूस, तरी बंदी कायम राहिली.

आक्षेप खोटा नव्हता. दोन मुद्दे होते. एक, पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे तर मधले सूर हवेत, आणि पेटीत मधे काहीच नाही. दुसरा मुद्दा आकड्यांचा आहे, आणि तो मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळला. पेटीवर एका सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. समजा 'सा' २४० कंपनांचा आहे. तंबोरा जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. समान भागांच्या पेटीवर तो येतो ३०२.४ चा, म्हणजे चढा. पंचम ३६० ऐवजी ३५९.६, हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. पण गंधाराचा फरक तयार कानाला खुपतो. आपली परंपरा सप्तकात २२ श्रुती मानते. बारा पट्ट्यांत त्या मावणार कशा?

यावर उपाय शोधणारेही आपल्याच भागातले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची मोजदाद केली, अब्दुल करीम खाँसाहेबांचे त्यांना साहाय्य होते, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती हार्मोनियमचा प्रयोग झाला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली आहे. म्हणजे प्रश्न शंभर वर्षे जिवंत आहे.

पण मला वाटते, बंदी घालणाऱ्यांनी एक गोष्ट मोजली नाही. ते विचारत होते, 'पेटीवर राग पुरता उतरतो का?' उत्तर आहे, नाही. त्यांनी हेही विचारायला हवे होते की, 'पेटी नसेल तर किती घरांत राग मुळी पोचेलच?' रेडिओवर बंदी असताना मैफलींत ती सुखेनैव वाजत होती. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर या वादकांनी ती अशी वाजवली की ऐकणाऱ्याला मींड नसल्याची आठवण होऊ नये. बेळगावला रामभाऊ विजापुरे यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तयार केले. पु. ल. देशपांडे तर पेटीवर बसले की लेखक आहेत हे विसरायला व्हायचे. आणि गावोगावच्या शाळांत, क्लासांत हजारो मुले भूप वाजवत होती. रेडिओच्या नियमाची त्यांना खबरही नव्हती.

आपल्या गावातला क्लास

आता आपल्या काळाकडे येते. नव्वदच्या दशकातले सोलापूर आठवा. गिरण्यांचे भोंगे कमी होत चाललेले, पूर्व भागात मागांची खडखड, आणि गल्लीगल्लीत चार भाषा. या गावात पेटी एका समाजाची नव्हती, हे मला तेव्हाही जाणवायचे. तेलुगू भजनात ती होती, कन्नड भजनात होती, कव्वालीत होती, चर्चमध्ये होती, आपल्या हरिपाठात होती. सतार किंवा सारंगीबद्दल असे म्हणता येत नाही.

मी ज्या क्लासला जायचे तो एका चाळीतल्या खोलीत भरायचा. शिकवणारे गुरुजी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सहाला हजर. चार पेट्या, अकरा-बारा मुले. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांनी खडूने 'सा रे ग म' लिहिलेले असायचे आणि तीन महिन्यांनी ते स्वतःच पुसून टाकायचे. आधी अलंकार, मग भूप, मग एक छोटी चीज. मुलींना काळी चार, मुलग्यांना काळी एक. मोठ्याने सरगम म्हटल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तेव्हा तो जाच वाटायचा. आज कळते की पलुसकरांचा वर्ग आणि बाळकृष्णबुवांची तोंडी विद्या, दोन्ही त्या एका नियमात एकत्र आली होती. पेटीने सूर दाखवायचा, पण शिकायचे ते गळ्याने आणि कानाने.

त्या क्लासात माझ्याबरोबर एक मुलगी होती. तिची आई घरी विड्या वळायची. फी अर्धीच घेतली जायची आणि तीही महिन्याच्या शेवटी. तिच्या घरी पेटी नव्हती. गुरुजींनी तिला पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून दिल्या होत्या, खऱ्या मापाच्या. घरी ती त्या पुठ्ठ्यावर बोटे फिरवायची आणि तोंडाने सूर म्हणायची. प्रवेशिका पूर्णला आमच्यात सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. पुढे मध्यमाला ती बसली नाही. गुणांचा प्रश्न नव्हता. मध्यमाला जे वाजवावे लागते ते पुठ्ठ्यावर तयार होत नाही.

मी इतिहासाचा एवढा फेरफटका मारला तो या पुठ्ठ्यापर्यंत येण्यासाठी. पलुसकर-भातखंड्यांनी शिकवण्याचे दार उघडले. पेटीने सुराचे दार उघडले. पण तिसरे दार होते रियाजाचे, आणि ते पैशाने बंदच राहिले. जुन्या गुरुकुलात हजार खोटी होत्या, पण एक गोष्ट होती: शिष्य जिथे शिकत होता तिथेच वाद्य होते, आणि ते दिवसभर होते. वर्गाने शिष्याला तासाभराने घरी पाठवले. घरी पेटी असेल त्याचे शिक्षण पुढे गेले. नसेल त्याचे तिथेच थांबले.

आपल्यापैकी कोणी मोठा वादक झाला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. एकजण रेल्वेत आहे, एकजण शिक्षिका, दोघे परदेशात, मी संगणकावर. मग क्लासने दिले काय? मला तरी असे दिसते की त्याने ऐकायला दिले. समोर कोणी यमन गायले तर तीव्र मध्यम कुठे आला ते कळते. एखादी गोष्ट रोज अर्धा तास केली की सहा महिन्यांनी ती बोटांत उतरते, हे पुस्तकात वाचून पटत नाही. अलंकार वाजवून पटते. कामाच्या जागी नवी पोरे पहिल्या आठवड्यात निराश होतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, फक्त अलंकाराचे नाव घेत नाही.

आणि आज

हल्ली दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे क्लासांत गर्दी वाढली, आणि दहावी झाली की पेटीवर धूळ बसायचे प्रमाणही वाढले. परीक्षेने एकेकाळी मुलींना घराबाहेर काढले. आता तीच परीक्षा शिकण्याचे एकमेव कारण होऊन बसली तर पलुसकरांनी वर्ग काढला त्याचा अर्थच उरणार नाही. गुण मिळू देत, पण ते घेऊन थांबलेल्या मुलाला पुढचा राग कोणीतरी शिकवायला हवा.

दुसरा बदल माझ्या क्षेत्रातला. पुण्यात, दुबईत, अमेरिकेत राहणारी आपली मुले पडद्यावर गुरू पाहून पेटी शिकतात. त्यावर नाक मुरडू नये. मात्र त्याची एक मर्यादा समजून घ्यावी. आवाज इकडून तिकडे जायला वेळ लागतो. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर झाला की दोघांना एकत्र वाजवता येत नाही, आणि समुद्रापार तो सहज त्याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे गुरूने म्हणायचे, थांबायचे, मग शिष्याने म्हणायचे, हे पडद्यावर उत्तम जमते. ती तर आपली जुनीच रीत आहे. जमत नाही ती संगत. शेजारी बसून, दुसऱ्याचा श्वास ऐकत, त्याच्या सुरात आपला सूर मिसळणे. त्यासाठी अजून तरी एका खोलीत बसावेच लागते. आपल्या शाळेकडे ती खोली आहे.

म्हणून माझा प्रस्ताव. स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचे याची चर्चा गटावर चालू आहे. बहुतेकांचे मत डिजिटल फळ्याकडे आहे आणि मी या व्यवसायातली म्हणून माझा पाठिंबा गृहीत धरला जातो आहे. फळा द्यायला माझी हरकत नाही. पण गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन संगीताची खोली पाहून आले. दोन पेट्या आहेत. एकीचा भाता फाटला आहे, दुसरीचे काही सूर बोलत नाहीत. दोन्ही दुरुस्त होण्याजोग्या आहेत. सूर साफ करणारे आणि भाता बदलणारे कारागीर अजून मिळतात, आणि फळ्याच्या किमतीपुढे तो खर्च फार किरकोळ आहे. त्यांच्या जोडीला आपण आणखी चार साध्या पेट्या घेऊ. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायला एका शिक्षकांचे मानधन तीन वर्षांपुरते बाजूला ठेवू. ज्यांना परीक्षा द्यायची त्यांची परीक्षा फी आपण भरू, ज्यांना नाही द्यायची त्यांनी नुसते वाजवावे.

आणि एक अट घालू. खोली रोज शाळा सुटल्यावर एक तास उघडी राहील, क्लास असो वा नसो. ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांचा हक्क पहिला. किल्ली कोणाकडे राहील हे मुख्याध्यापकांशी बोलून लेखी ठरवू, कारण आपल्या सर्वांचा अनुभव आहे की शाळेतली वाद्ये मोडतात कमी आणि कुलपात जास्त राहतात.

संगीताच्या बाई या मेळाव्याला येणार आहेत असे कळले. त्यांनी ही यादी एकदा नजरेखालून घालावी, काय राहिले ते सांगावे, आणि पेट्या निवडायला आमच्याबरोबर यावे, ही विनंती. खर्चाचा अंदाज मी काढला आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ज्यांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी संगीताच्या खोलीत यावे. तिथल्या दोन पेट्यांपैकी जी थोडीफार वाजते तिच्यावर भूप वाजवून पाहू. कोणाकोणाच्या बोटांत तो शिल्लक आहे हे तेव्हाच कळेल.